काचेपलीकडची अक्षरे

नानांचे म्हणणे असे की, ज्या अडचणीवर डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तोड काढली, तीच अडचण आज चष्म्याच्या चौकटीत येऊन बसली आहे आणि तिच्यावरची तोडही मुळात तीच आहे. बदलले आहे ते केवळ आकारमान. बंदुकीचा नेम धरणाऱ्याला मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य अशा तीन निरनिराळ्या अंतरांवरच्या वस्तू एकाच क्षणी स्पष्ट पाहाव्या लागतात, आणि मनुष्याच्या डोळ्याला तर एका वेळी एकच अंतर साधते. ग्रब यांनी एका भिंगाच्या नाभीपाशी प्रकाशित खूण ठेवली, भिंगातून समांतर होऊन बाहेर पडलेले तिचे किरण एका तिरप्या काचेवरून परावर्तित करून नेमबाजाच्या डोळ्यात सोडले आणि त्याच काचेतून पलीकडचे लक्ष्यही दिसू दिले. समांतर किरण डोळ्याला अतिदूरवरून आल्यासारखे भासतात. सबब वीतभर अंतरावरची ती खूण लक्ष्याच्याच अंतरावर जाऊन बसली, आणि डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी लक्ष्यावरून ढळेनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचे नेमदर्शक याच तत्त्वावर चालले, आणि पुढे वैमानिकाला वेग, उंची व क्षितिज डोके न वाकविता दाखविणारा जो ‘हेड-अप डिस्प्ले’, ज्याला विमानांच्या कारखान्यात सुटसुटीतपणे ‘हड’ म्हणतात, तोही याच घराण्यातला.

नाना हे ऐकीव माहितीवर बोलत नाहीत. त्यांची सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, उपकरणांच्या विभागात गेली. प्रथम मिग आणि पुढे सुखोई विमानांच्या वैमानिक-कक्षात डोके घालून ज्यांनी तारा आणि काचा तपासल्या, त्यांपैकी ते एक. निवृत्तीनंतर निफाडकडची वडिलोपार्जित जमीन त्यांनी नांदती केली, आणि मुलीने पुण्याहून पाठविलेला, दोन्ही काचांत हिरवी अक्षरे दाखविणारा चष्मा ते हल्ली बाहेर पडताना आवर्जून लावतात. त्यांच्या डोळ्यांतील मोतीबिंदू ज्यांनी काढले ते नाशकातले नेत्रवैद्य, आम्हा सर्वांचे ‘डॉक्टर’, या चष्म्याकडे पहिल्या दिवसापासून साशंक नजरेने पाहतात. मला दोघांचाही स्नेह लाभला आहे आणि दोघांचीही कळकळ ठाऊक आहे. त्यांचा वाद हे यंत्र चालते की नाही याविषयी नव्हताच. मनुष्य चालत असताना त्याच्या डोळ्यांपुढच्या काचेत काय येऊ द्यावे आणि काय येऊ देऊ नये, याविषयी तो होता. परंतु यंत्राची घडण नीट ध्यानात घेतल्यावाचून त्या वादाचा निवाडा करता येत नाही, असे माझे मत असल्यामुळे प्रथम त्या घडणीचाच तपशील देतो.

“डोळ्याच्या बाजूने हिशेब मी मांडतो,” डॉक्टर म्हणाले. “चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण दीड सेंटिमीटरवर असते. तेथे खरोखरीच अक्षर लिहिले आणि ते वाचावयाचे ठरविले, तर डोळ्याने आपली शक्ती ६६ डायॉप्टरने वाढवावयास हवी; आणि पारपटल व नेत्रभिंग मिळून सबंध डोळ्याची शक्तीच मुळी सुमारे ६० डायॉप्टर. विशीतल्या तरुणाला दहाएक डायॉप्टरची वाढ साधते, चाळिशी लागली की ती झपाट्याने ओसरते, आणि नाना, तुमच्या डोळ्यांत तर मी स्वतः बसविलेले कृत्रिम भिंग आहे, ते यत्किंचितही फुगत नाही. तेव्हा काचेवर अक्षरे उमटतात हे बोलणे विक्रेत्यांचे. तेथे अक्षरे नाहीत. असूच शकत नाहीत.”

“म्हणून तर मी या यंत्राचा ऋणी आहे,” नाना म्हणाले. “एस.टी.चे तिकीट मला जवळच्या नंबरावाचून वाचता येत नाही. पण यातली हिरवी ओळ मला त्या नंबरावाचून स्वच्छ दिसते, कारण तुम्ही माझ्या डोळ्यांत दूरचे भिंग बसविले आणि ही ओळही दूरच, माझ्यापासून काही मीटरवर, उभी असल्यासारखी येते. बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका आणि ही ओळ मला एकदमच स्पष्ट दिसतात. खिशातला फोन मात्र दिसत नाही. ज्यांची जवळची दृष्टी गेली त्यांना लेखी मजकूर परत मिळवून देण्याचा हा मार्ग तुम्ही नेत्रवैद्यांनी तरी वाखाणावयास हवा.”

डॉक्टरांनी हे निमूटपणे मान्य केले, आणि माझ्या मते ते मान्य करण्याजोगेच होते. या चष्म्यांच्या गुणांची जी वर्णने वाचावयास मिळतात, त्यांत वृद्धांच्या या लाभाची दखल क्वचितच घेतलेली असते.

नानांनी मग चष्मा उतरवून माझ्या हाती दिला आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरावयास सांगितले. सरळ पाहता काच साधी, किंचित जाड. तिरपी धरताच मात्र दोन्ही काचांच्या मध्यावर, अंगठ्याच्या नखाहून काहीसा मोठा असा एक आयत उघडा पडला, आणि काच थोडी फिरविली की त्यावर निळसर-तांबूस रंगांची फिकट झाक सरकू लागली. काचेच्या वरच्या कोपऱ्यात, काडी चौकटीला मिळते तेथे, दुसरा एक अगदी लहान ठिपका होता. “हा ठिपका प्रकाशाचा आत येण्याचा दरवाजा,” नाना म्हणाले, “आणि हा आयत बाहेर पडण्याचा. दोन्ही ठिकाणी काचेवर इतक्या बारीक समांतर रेघा कोरलेल्या आहेत की, एका मिलिमीटरात त्या दोन हजारांहून अधिक भरतील. रंगांची झाक पडते ती त्यांचीच.”

काडीच्या जाडसर भागात हरभऱ्याएवढा प्रक्षेपक असतो. त्यात हिरव्या प्रकाशाचे सूक्ष्म बिंदू ओळींनी मांडलेले असतात. हिरवाच रंग निवडण्याचे कारण असे की, त्या रंगाला डोळा सर्वांत संवेदनशील असतो, आणि एकाच रंगाचे काम असले म्हणजे रेघांचा एकच थर पुरतो. या बिंदूंच्या पुढे एक चिमुकले भिंग, आणि ते बिंदू बरोबर त्याच्या नाभीच्या पातळीत. येथे ग्रब यांचीच युक्ती पुन्हा येते. एकेका बिंदूचा प्रकाश भिंगातून समांतर किरणांची जुडी होऊन निघतो, आणि शेजारच्या बिंदूची जुडी किंचित वेगळ्या कोनात निघते. म्हणजे बिंदूचे स्थान दिशेत रूपांतरित होते. म्हणूनच या चष्म्यांतील चित्राचा आकार इंचांत मोजणे निरर्थक होय, तो अंशांत मोजतात. हात लांब करून मूठ धरली तर ती डोळ्याशी सुमारे १० अंशांचा कोन करते. २०२५ साली मेटा आणि रे-बॅन यांनी बाजारात आणलेल्या चष्म्यात, एकट्या उजव्या काचेत, ६०० बाय ६०० बिंदूंचे चित्र, कर्णावर मोजता, सुमारे २० अंशांत बसविलेले आहे. एका अंशात ४२ बिंदू पडतात, आणि निकोप डोळा एका अंशात सुमारे ६० बिंदूंपर्यंतचा भेद ओळखतो, तेव्हा अक्षरे बऱ्यापैकी कोरीव दिसतात.

आत शिरलेल्या जुडीला कोरलेल्या रेघा इतके तिरपे वळवितात की, ती काचेच्या पृष्ठभागावर आदळली तरी बाहेर पडू शकत नाही. साध्या काचेत लंबापासून सुमारे ४२ अंशांपलीकडे कललेला किरण संपूर्ण परत फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, आणि शाळेच्या प्रयोगवहीत आपण सर्वांनीच ते कधी ना कधी रेखाटले आहे. या दोन भिंतींमध्ये आपटत आपटत प्रकाश पुढे जातो आणि आयताच्या हद्दीत आला की तेथील रेघा त्याला थोडाथोडा डोळ्याकडे सोडतात. काचेचा अपवर्तनांक जितका मोठा तितके अधिक कोन तिच्यात कोंडून नेता येतात आणि चित्र तितके रुंद होते. २०२४ साली मेटाने दाखविलेल्या ‘ओरायन’ या नमुन्यात काचेऐवजी सिलिकॉन कार्बाइड वापरून ७० अंशांपर्यंत मजल मारली गेली, ती याच कारणाने.

“पण थोडाथोडाच का सोडावयाचा? सगळा प्रकाश एकदम डोळ्यात का देत नाहीत?” हा प्रश्न माझा.

“कारण डोळा एका जागी राहत नाही,” नाना उत्साहाने म्हणाले. “बाहुली उन्हात दोन मिलिमीटरची, अंधारात सात-आठची, पाहताना ती वरखाली, डावी-उजवीकडे फिरते, त्यातून प्रत्येकाचे नाक वेगळे आणि दोन डोळ्यांतील अंतर वेगळे. प्रक्षेपकातून निघणारी जुडी तर काही मिलिमीटर जाडीची. ती एकाच जागी बाहेर सोडली तर डोळा किंचित हलताच चित्र गडप होईल. म्हणून तीच जुडी आयतभर ठिकठिकाणी बाहेर काढावी लागते. आणि येथे आमच्या कालव्याचाच बंदोबस्त लागू पडतो, डॉक्टर. मुखापाशी पाणी भरपूर, शेपटाकडे थोडे. मुखाकडच्या चारीने मनसोक्त ओढले की शेपटाचा शेतकरी कोरडा. तेव्हा वरच्या चाऱ्यांची दारे अरुंद ठेवावयाची आणि शेवटची रुंद करीत न्यावयाची, म्हणजे सर्वांना सारखा हिस्सा. या काचेवरच्या रेघाही तशाच आरंभी उथळ आणि पुढे पुढे खोल कोरतात. तरीही निघालेल्या प्रकाशापैकी डोळ्याच्या वाट्याला शंभरात एखादाच हिस्सा येतो. बाकीचा वाटेत मुरतो, नाही तर चुकीच्या दिशेने निसटतो.”

“एकाच अक्षराचे इतके प्रकाशझोत निघाले तर अक्षरे दहा का दिसत नाहीत?” डॉक्टरांनी विचारले.

“ते झोत सगळे समांतर असतात म्हणून. एका बिंदूच्या साऱ्या जुड्या एकाच दिशेने येतात, आणि एका दिशेने आलेले किरण तुमचा डोळा दृष्टिपटलावर एकाच जागी गोळा करतो. मात्र काचेचे दोन्ही पृष्ठभाग काटेकोर समांतर हवेत. त्यांत सूक्ष्म पाचर राहिली तरी प्रत्येक उसळीगणिक दिशा बिघडते आणि अक्षराला सावली फुटते. या चष्म्याची किंमत ठरते ती बऱ्याच अंशी त्या काटेकोरपणावर.”

नानांच्या या विवेचनातला कोणता भाग मला अधिक मोलाचा वाटला असे कोणी विचारील तर मी हाच सांगेन. ग्रब यांनी समांतर किरण पत्करले ते खूण दूर दिसावी म्हणून. परंतु प्रकाशाच्या अनेक प्रती काढूनही चित्र एकच राहावे, हा दुसरा लाभ त्यांच्या त्या तजविजीत अव्यक्त होता, आणि तो उपयोगात यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. शास्त्राच्या इतिहासात एखादी कल्पना जन्माच्या वेळी जेवढी असते त्याहून मोठी कशी होत जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उणिवाही याच घडणीतून येतात. हे यंत्र जगावर प्रकाशाची भर घालू शकते, जगातून प्रकाश वजा करू शकत नाही. म्हणून काळा रंग त्याला दाखविता येत नाही, काळे म्हणजे पारदर्शकच. भर उन्हात पडलेल्या पांढऱ्या कागदाची दीप्ती २५ ते ३० हजार निट असते आणि वर सांगितलेल्या मेटाच्या चष्म्याची जास्तीत जास्त ५,००० निट. तेव्हा चैत्र-वैशाखात पांढऱ्या भिंतीकडे पाहत ही अक्षरे वाचावयाची तर काच गडद करण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय, डॉक्टरांनी बजावले त्याप्रमाणे, दोन्ही काचांत चित्र असेल तर दोन्ही चित्रे तंतोतंत एका पातळीत हवीत. डोळे आत वळविणे माणसाला सवयीचे आहे. एक डोळा वर आणि एक खाली करणे त्याला जवळजवळ जमतच नाही, आणि काडी उशीखाली दबून चौकट किंचित पिळली गेली तरी डोकेदुखीची तक्रार घेऊन रोगी नेत्रवैद्याकडे येतो, चष्म्याकडे त्याचे लक्षच जात नाही.

एवढे झाल्यावर डॉक्टरांनी आपला मूळ आक्षेप काढला. “नाना, तुमच्या शास्त्राने डोळ्याची अडचण सोडविली, हे मी कबूल करतो. अक्षर दूर नेले, नजर खाली वळविण्याचे श्रम वाचविले. परंतु पाहणे हे काम डोळ्यावर संपत नाही. डोळ्याला नाभी असते, मनाला नसते. दोन वस्तू एकाच अंतरावर आणून ठेवल्या म्हणून त्या दोन्हींकडे एकाच वेळी ध्यान जाईल, हे कोणत्या आधारावर म्हणता?”

“विमानांच्या आधारावर,” नाना तात्काळ उत्तरले. “ब्रिटिश नौदलासाठी बांधलेले ‘बकानिअर’ १९५८ साली प्रथम उडाले. शत्रूच्या रडारखालून, समुद्राला जवळजवळ लागून, अतिवेगाने जावयाचे हे त्याचे काम. त्या उंचीवर वैमानिकाने क्षणभर मान खाली घालून घड्याळे पाहिली तर तो क्षण अखेरचाच ठरावयाचा. म्हणून त्याच्या पुढ्यातल्या काचेवर आवश्यक तेवढा मजकूर आणला गेला, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक लढाऊ विमानांत हड आले. आपल्या तेजसचे हड तर चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने घडविले. इतकी वर्षे इतके वैमानिक ज्या काचेतून पाहून सुखरूप उतरले, ती काच ध्यान विचलित करते असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल.”

“धारिष्ट्य माझे नव्हे, प्रयोगाचे. १९७५ साली उल्रिक नायसर आणि रॉबर्ट बेक्लेन या मानसशास्त्रज्ञांनी दोन चित्रफिती एकमेकींवर चढवून प्रेक्षकांना दाखविल्या. एकीत काही माणसे चेंडू टाकीत आहेत, दुसरीत दोघे हातावर हात मारण्याचा खेळ खेळत आहेत. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच अंतरावर, एकमेकींत मिसळलेल्या. एकीकडेच लक्ष द्या असे सांगितले की प्रेक्षकांना ते सहज साधे. परंतु त्याच वेळी दुसरीत काही विलक्षण घडले तर ते बहुतेकांच्या गावीही नसे. पुढे १९८० साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात प्रवासी विमानांच्या अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये हडच्या साह्याने विमान उतरवावयास दिले आणि एका खेपेस धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आणून ठेवले. त्यांपैकी काहींना ते अखेरपर्यंत दिसले नाही. डोळे उघडे होते, नजर धावपट्टीकडे होती, मध्ये अडथळा नव्हता, प्रकाश दृष्टिपटलावर पडत होता. ध्यान मात्र काचेतल्या अंकांवर होते. माझ्या धंद्यातल्या कोणत्याही तपासणीत या वैमानिकांच्या डोळ्यांत दोष सापडला नसता.”

नाना काही काळ गप्प राहिले. तो प्रयोग त्यांना ठाऊक नव्हता असे नव्हे. उलट त्याची पुढची हकीकत त्यांना डॉक्टरांहून अधिक ठाऊक होती, आणि ती त्यांनी सांगितली तेव्हा माझ्या मते वादाने खरे वळण घेतले.

“त्या प्रयोगानंतर एम्समध्येच आणि इतरत्र या गोष्टीचा पुष्कळ कीस काढला गेला,” ते म्हणाले. “हडच्या काचेत दोन जातींची चिन्हे असतात. एक, वेगाचा आणि उंचीचा आकडा. तो काचेच्या एका बाजूला स्थिर असतो, विमान कोठेही वळो. दुसरी जात क्षितिजाच्या रेषेची, आणि विमान प्रत्यक्षात ज्या बिंदूकडे चालले आहे त्यावर टेकलेल्या खुणेची. विमान कलले की ती रेषाही कलते, आणि काचेतून पाहिले तर खऱ्या क्षितिजावर चिकटलेली दिसते. पहिल्या जातीच्या चिन्हांत ध्यान अडकते. दुसऱ्या जातीची चिन्हे समोरच्या देखाव्याचाच भाग होऊन जातात आणि ध्यान दुभंगण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे दोष काचेचा नाही, मजकुराच्या जातीचा आहे.”

“मग तुमच्या चष्म्यातला मजकूर कोणत्या जातीचा?” डॉक्टरांनी विचारले. “रस्ता ओलांडताना तुमच्या काचेत जावयाचा निरोप येतो, बँकेचा हप्ता येतो, द्राक्षांचा बाजारभाव येतो. त्यांपैकी काय रस्त्यावर चिकटलेले आहे?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि नानांपाशीही नसावे. गूगलने २०१२ साली जाहीर केलेल्या आणि २०१५ च्या आरंभी सामान्य ग्राहकांपासून मागे घेतलेल्या ‘ग्लास’ या चष्म्यात चित्र मुद्दाम उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवले होते, म्हणजे समोरचा देखावा मोकळा राहील. परंतु कोपऱ्यातले वाचावयास डोळा वर न्यावाच लागे, आणि मग नजर न हलविता वाचावे, हा हडचा मूळ उद्देशच बाजूला पडे. मधोमध आणावे तर ध्यान अडते, कडेला न्यावे तर नजर हलते. ही कोंडी भिंगांनी सुटणारी नाही. विमानातून काच उचलून आपण चष्म्यात आणली. विमानात त्या काचेवर जे लिहिले जाई त्याचा समोरच्या आकाशाशी असलेला संबंध मात्र आणला नाही. सध्याच्या चष्म्यांचे खरे न्यून मला हेच दिसते, आणि ते भरून काढावयाचे तर किती खटाटोप पडेल हे नानांनीच प्रामाणिकपणे सांगितले.

“विमानाला आपला कल, दिशा आणि उंची कायम ठाऊक असते, चष्म्याला ती कॅमेरा आणि घूर्णदर्शक लावून क्षणोक्षणी शोधून काढावी लागतात. माणूस सहज मान वळवितो तेव्हा ती सेकंदाला १०० अंशांच्या गतीने फिरते. शोधून, हिशेब करून, चित्र काढावयास एका सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागला, तरी तेवढ्यात खूण दोन अंशांनी मागे पडते. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश असतो. म्हणजे चार चंद्रांइतकी चूक. वळणावर टेकविलेला बाण शेजारच्या दुकानावर जाऊन पडेल. ही चूक आटोक्यात आणणारी यंत्रे निघाली आहेत, पण ती दिवसभर नाकावर वागविण्याजोगी नाहीत. वजन, उष्णता आणि विजेचा साठा, तिन्ही आड येतात.”

“म्हणजे आज तुमच्यापाशी आहे तो बाजूचा आकडा, आणि क्षितिजाची रेषा उद्या,” डॉक्टर म्हणाले.

“सर्वस्वी तसे नाही. आक्कांकडे चला, दाखवितो.”

आक्का म्हणजे नानांच्या थोरल्या भगिनी. श्रवणयंत्र लावूनही त्यांना चारचौघांतले बोलणे उमगत नाही, आणि त्यामुळे अलीकडे त्या माणसांत बसावयाचेच टाळू लागल्या होत्या. नाना त्यांना हा चष्मा लावून देतात. खिशातला फोन समोरच्याचे बोलणे ऐकतो, त्याचे लिपीत रूपांतर करतो आणि ते हिरव्या ओळींनी काचेत येते. डॉक्टर आक्कांच्या समोर बसून त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलू लागले. मी पाहत होतो ते आक्कांच्या नजरेकडे. वाचीत असूनही ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावरच होती, कारण ओळ चेहऱ्याच्याच अंतरावर आणि हनुवटीच्या जरा खाली येत होती. ‘सिझेरियन’ हा शब्द यंत्राने दोनदा चुकीचा लिहिला. डॉक्टरांच्या ओठांकडे पाहून आक्कांनी तो दुरुस्त करून घेतला आणि लगेच प्रतिप्रश्न केला. चूक पकडावयास त्यांना चेहरा हवा होता, आणि चेहरा तेथेच होता.

परतताना डॉक्टर म्हणाले, “हे मला पटले. ती ओळ ज्याची होती तो माणूस समोर बसला होता. ध्यान ओळीवर गेले काय आणि माणसावर गेले काय, एकाच ठिकाणी गेले. बहिऱ्यांसाठी या चष्म्याची शिफारस मी स्वतः करीन, आणि कोणाच्या नंबराचे भिंग मागून चिकटविता येते याचीही चौकशी ठेवीन. परंतु तोच चष्मा लावून तुम्ही स्कूटर चालविणार असाल तर माझी हरकत कायम आहे.”

“स्कूटरवर लोक फोन मुठीपाशी अडकवितात आणि मान घालून नकाशा पाहतात. त्यापेक्षा हे वाईट?”

“त्याहून बरे, हे मी नाकारीत नाही. जो मान खाली घालतो त्याला निदान आपण रस्ता सोडला आहे हे कळते, म्हणून तो लवकर वर पाहतो. तुमच्या चष्म्यात पाहणाऱ्याला मात्र आपण रस्ताच पाहतो आहोत अशी खात्री असते. मला भय त्या खात्रीचे वाटते.”

“मग नियम घालू,” नाना म्हणाले. “वेग पायी चालण्याहून वाढला की निरोप, भाव, हप्ते सारे बंद. काचेत केवळ वळणाचा बाण.”

“आणि तो केव्हा दाखविणार?”

“वळण आले की.”

“ऐन चौकात? म्हणजे ज्या क्षणी बैलगाडी, रिक्षा, शाळेतून सुटलेली मुले आणि उलट्या बाजूने घुसणारे सारे एकदम डोळ्यांपुढे येतात, नेमक्या त्याच क्षणी तुम्ही काचेत हालचाल करणार? बाण चौकाच्या आधी दाखवा, आणि चौकात काच कोरी ठेवा.”

“पण विमान उतरताना नेमक्या शेवटच्या क्षणांतच खुणेची गरज सर्वांत अधिक असते, डॉक्टर.”

“ती खूण धावपट्टीवर पडलेली असते म्हणून. तुमचा बाण चौकात पडलेला नाही, तो काचेतच आहे; वळणावर तो टिकत नाही, हे तुम्हीच सांगितलेत.”

यावर नानांनी ‘आधी’ म्हणजे किती आधी, असा प्रश्न केला, आणि संभाषण एकदम आकड्यांवर आले. डॉक्टरांनी १०० मीटर सुचविले. नानांनी हिशेब केला : ताशी ४० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे नऊ सेकंद, बाण दिसावा, वाचला जावा, आणि काच कोरी झाल्यावर ध्यान पुन्हा रस्त्यावर येऊन स्थिरावे यास तेवढे पुरतील, असे त्यांचे मत पडले. डॉक्टरांना ते मान्य होईना. रात्री समोरून दिवे येत असताना आणि पावसात काच ओली असताना १०० मीटर अपुरे पडतील, असे म्हणून त्यांनी २०० चा आग्रह धरला. नानांचा प्रत्याक्षेप असा की, नाशकाच्या जुन्या वस्तीत २०० मीटरांत तीन गल्ल्या येतात, तेव्हा इतक्या आधी दाखविलेला बाण नेमका कोणत्या गल्लीचा हे चालविणाऱ्याला कळावयाचे कसे? मग अंतर ठरविताना वेगाबरोबर गल्ल्यांची दाटीही धरावी लागेल, असे दोघांच्याही ध्यानात आले. नानांनी कागद मागविला आणि त्यावर रविवार कारंजाकडे जाणारे रस्ते रेखाटावयास घेतले.